दुसरा वाचक

ज्या शास्त्राच्या आश्रयाने मी आयुष्याचा बहुतेक काळ भोपाळात घालवला, त्या संख्याशास्त्राविषयी लोकांची अशी समजूत असते की, ते मोठमोठ्या आकड्यांची उलाढाल करणारे आणि माणसाच्या डोळ्यांपासून व मनापासून चार पावले दूर राहणारे शास्त्र आहे. परंतु माझ्या वाट्याला त्याची जी शाखा आली, तिचा सारा विषयच माणसाची नजर हा आहे. एकच वस्तू अनेक जाणत्यांनी पाहिली तर तिच्याविषयी त्यांचे मत कितपत जुळते, आणि जे जुळते त्यातले किती त्या वस्तूच्या गुणामुळे व किती निव्वळ योगायोगाने, याचा हिशेब मांडणे हे माझे काम. हे काम शुष्क आहे असे मला कधीच वाटले नाही, कारण या शहरात त्या जुळण्यावर आणि न जुळण्यावर माणसांचे हक्क अवलंबून होते.

आमचे घराणे नागपूरचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, भोपाळ हे नव्या मध्यप्रदेशाच्या राजधानीचे शहर ठरले, आणि नागपूरच्या सचिवालयातील ज्या मराठी कारकुनांनी व अंमलदारांनी आपली दप्तरे आणि बिऱ्हाडे या तळ्यांच्या गावी हलवली, त्यांत माझे वडीलही होते. ते महसूल खात्यात असल्यामुळे आणेवारीच्या गोष्टी लहानपणापासून माझ्या कानांवर पडत. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. त्या मानाने यंदाचे पीक किती आण्यांचे हे बांधावर उभे राहून नजरेने ठरवायचे, आणि सारा तहकूब करायचा, माफ करायचा की पुरता वसूल करायचा, हे त्या नजरेच्या अंदाजावरून ठरायचे. पटवाऱ्याचा अंदाज आणि वरच्या अंमलदाराचा अंदाज यांत अंतर पडले, तर ज्याचा हुद्दा मोठा त्याची नजर खरी मानण्याकडे दप्तराचा कल असे. आणि मग पुढच्या वर्षी खालच्या माणसाचा अंदाज आपोआप वरच्याच्या अंदाजाला जुळू लागे. वडील हे सहज बोलून जात, पण माझ्या पुढच्या साऱ्या कामाचे बीज त्यात होते. दोन मते जुळली एवढ्याने काही सिद्ध होत नाही. ती परस्परांना न कळता दिली गेली होती काय, हा पहिला प्रश्न.

तो प्रश्न आपल्या देशात पद्धतशीरपणे विचारला प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी. बंगालमधील तागाच्या पिकाची पाहणी करताना त्यांनी एकाच प्रदेशात परस्परांत गुंफलेले दोन नमुने निवडले, ते दोन वेगळ्या तुकड्यांच्या हाती दिले, आणि दोन्ही तुकड्यांच्या उत्तरांतील अंतर हेच पाहणीच्या भरवशाचे माप मानले. पाहणाऱ्याच्या हातून होणारी चूक झाकून न ठेवता ती मोजता यावी अशी व्यवस्था पाहणीच्या रचनेतच करणे, ही गोष्ट मला त्यांच्या अधिक प्रसिद्ध सूत्रांहूनही थोर वाटते.

वैद्यकात हाच धडा छातीच्या क्ष-किरण चित्रांनी शिकवला. १९४७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्याचे संख्याशास्त्रीय अंग जेकब येरुशाल्मी यांनी सांभाळले होते, क्षयाच्या तपासणीची तीच चित्रे पाच अनुभवी वाचकांपुढे ठेवण्यात आली. त्यांची मते परस्परांशी जुळली नाहीत हे एक. पण काही काळाने तेच चित्र पुन्हा हाती आले तेव्हा वाचकाचे मत स्वतःच्याच आधीच्या मताशीही अनेकदा जुळले नाही, याने त्या काळच्या वैद्यकविश्वाला अधिक हादरा बसला. त्यातूनच एकाच चित्राचे दोन वाचकांनी स्वतंत्र वाचन करण्याची शिस्त पुढे रुजली, आणि १९५९ साली बंगळूरला स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेच्या कामातही तिला मानाचे स्थान मिळाले.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला, त्यानंतर या शहरात छातीच्या चित्रांचे ढीग साठत गेले. ती चित्रे वाचणाऱ्या डॉक्टरांबरोबर बसण्याचे काम पुढे माझ्याकडे आले. मी चित्र वाचत नसे. तो माझा अधिकार नव्हे. मी पाकिटांवरची नावे झाकत असे, क्रम उलटसुलट करत असे, आणि काही चित्रे नवा क्रमांक देऊन पुन्हा ढिगात सरकवत असे, म्हणजे वाचकाचे स्वतःशी किती पटते तेही कळावे. धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसरोगांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जी बारा पायऱ्यांची श्रेणी ठरवली आहे, तिच्यावर वाचकांचा हात बसवावा लागे, कारण वायूच्या इजेसाठी अशी मुद्दाम घडवलेली श्रेणी नव्हतीच. या श्रेणीची खुबी अशी की, ती वाचकाचा संशयही नोंदवून घेते. १/० याचा अर्थ, मी पहिला वर्ग दिला आहे, पण शून्याचाही गंभीरपणे विचार केला होता. ०/१ याचा अर्थ बरोबर उलट. या दोन खुणांमध्ये जे सूक्ष्म अंतर आहे, त्याच अंतरावर रोगी आणि निरोगी यांची सीमारेषा पुष्कळदा पडते.

एक चित्र मला चांगले आठवते. मध्यम वयाची स्त्री. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी धूसर, विस्कटलेली जाळी. पहिल्या वाचकांनी १/० लिहिले, दुसऱ्यांनी ०/०. दोघांचे कागद माझ्याकडे जमा झाल्यावर, आणि ते जमा झाल्यावरच, मी दोघांना एकत्र बसवले. दुसऱ्या डॉक्टरांनी प्रकाशपेटीवर बोट ठेवून मागच्या बाजूच्या बरगड्या मोजल्या आणि म्हणाले, "पडदा आठव्या बरगडीशीच थांबलाय. बाईंनी श्वास पुरता घेतलाच नाही. ही जाळी रोगाची नव्हे, आखडलेल्या फुप्फुसाची आहे." पहिले डॉक्टर बराच वेळ चित्राकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, "आणि त्यांना पुरता श्वास घेताच येत नसेल तर?"

दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. शास्त्राचा नियम सांगतो की अपुऱ्या श्वासाचे चित्र वाचनास कमी प्रतीचे समजावे. पण ज्या माणसाची छाती वायूने जखमी झाली आहे, त्याच्या बाबतीत तो अपुरा श्वास हाच कदाचित पुरावा असतो. मतभेद डोळ्यांचा नव्हता, सूचनापत्राचा होता. या प्रश्नाचे उत्तर सूचनापत्रात कोठेही नव्हते, आणि म्हणून प्रत्येकाने ते आपल्या विवेकाप्रमाणे दिले होते. पुढे चित्राची प्रत आणि चित्रातील विकृती यांचे रकाने वेगळे करण्यात आले व शेजारी स्पायरोमेट्रीचा आकडा लिहिला जाऊ लागला. तेव्हापासून माझे मत असे झाले की, सहमतीचा गुणांक ही माणसांची परीक्षा कमी आणि त्यांच्या हाती दिलेल्या श्रेणीची व सूचनांची परीक्षा अधिक असते.

आता त्या गुणांकाविषयी. समजा, दोन वाचकांनी शंभर चित्रे वाचली. चाळीस चित्रांत दोघांनीही दोष आहे म्हटले, चाळिसांत दोघांनीही नाही म्हटले, आणि उरलेल्या विसांत मते फाटली, दहा इकडे आणि दहा तिकडे. शेकडा ऐंशी जुळणी झाली. पण दोघांनीही निम्म्या चित्रांना दोष दिला आहे. त्यांनी डोळे मिटून नाणे उडवले असते तरी शेकडा पन्नास जुळणी झालीच असती. तेव्हा योगायोगापलीकडे मिळवण्याजोगे पन्नास होते, त्यांतले तीस मिळाले, गुणांक ०.६. जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला काप्पा तो हाच. १९६८ साली त्यांनीच लहान मतभेद आणि मोठा मतभेद यांना वेगवेगळे वजन देण्याची सोय केली, आणि १९७१ साली जोसेफ फ्लाइस यांनी दोनाहून अधिक परीक्षकांसाठी ही कल्पना विस्तारली. त्यांच्या उदाहरणातील तीस मनोरुग्णांपैकी प्रत्येकाचे निदान सहा डॉक्टरांनी केले होते, आणि गुणांक निघाला ०.४३.

हेच गणित दुसऱ्या शंभर चित्रांवर करून पाहावे. दोघांनीही दोष आहे म्हटलेली चित्रे दोन, मतभेदाची आठ, चार-चार अशी विभागलेली, आणि उरलेल्या नव्वदांत दोघांच्याही मते काही नाही. जुळणी शेकडा ब्याण्णव, म्हणजे पहिल्यापेक्षा कितीतरी सरस. काप्पा मात्र ०.२९. दोष जेथे विरळ असतो तेथे 'नाही' म्हणणाऱ्यांची जुळणी योगायोगाच्या खाती जमा होते आणि गुणांक कोसळतो. १९९० साली फाइनस्टाइन आणि सिचेट्टी यांनी या विरोधाभासाची सविस्तर चिकित्सा केली, आणि पुढे ग्वेट यांच्यासारख्यांनी निराळे गुणांक सुचवले. माझ्या मते मात्र येथे गुणांक खोटे बोलत नाही. ज्या दहा चित्रांना कोणीतरी दोष दिला त्यांपैकी फक्त दोनांत दोघांचे पटले आहे. ज्या रोग्याचे भवितव्य त्या दहांत आहे त्याच्या दृष्टीने ब्याण्णव या आकड्याला काय अर्थ? १९७७ साली लँडिस आणि कॉख यांनी ०.४१ ते ०.६० मध्यम, ०.६१ ते ०.८० भरीव अशी जी प्रतवारी दिली, ती मनमानी असल्याचे त्यांनी स्वतःच नमूद केले होते. तरीही अहवाल लिहिणारे लोक तिचा सरकारी दाखल्यासारखा उपयोग करतात याचे मला दुःख होते.

भोपाळच्या दावेदारांच्या वैद्यकीय वर्गीकरणाचा जो तक्ता सर्वोच्च न्यायालयाच्या ३ ऑक्टोबर १९९१ च्या निर्णयात आला आहे, तो मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. वर्गीकरण झालेल्या मिसली ३,५८,७१२. त्यांत इजा नाही, १,५५,२०३, तात्पुरती इजा, १,७३,३८२, कायमची इजा, १८,९२२, कायमचे अंशतः अपंगत्व, २,६८०, कायमचे पूर्ण अपंगत्व, ४०, आणि तात्पुरत्या अपंगत्वाचे आणखी दोन वर्ग. मृत्यू, ३,८२८, यांची नोंद याहून वेगळी. पहिल्या दोन वर्गांतच शंभरातील सुमारे ब्याण्णव माणसे मावतात. या तक्त्याच्या शेजारी जो स्तंभ असायला हवा होता तो नाही: त्याच मिसली दुसऱ्या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे पाहिल्या असत्या, तर किती जण याच वर्गात राहिले असते? त्या चाळीस जणांचाच विचार करावा. दुसऱ्या वाचकाने त्यांतल्या एकालाही पूर्ण अपंग मानले नसते आणि त्यांच्याऐवजी दुसऱ्याच चाळीस जणांना मानले असते, तरी बाकी सर्व जुळल्यास एकूण सहमती शेकडा ९९.९७ च्या वर राहिली असती, आणि एकूण काप्पाही जागचा हलला नसता. म्हणून एकूण आकडा कितीही देखणा असला तरी प्रत्येक वर्गाची सहमती वेगळी मागितली पाहिजे, आणि जो वर्ग सर्वांत लहान त्याची सर्वांत आधी.

याहूनही कठीण एक गोष्ट आहे. समजा, नियमच असा केला की वायुगळतीनंतरच्या पहिल्या दिवसांतील दवाखान्याचा कागद नसेल तर गुण कमी द्यावेत. त्या रात्री काझी कॅम्प किंवा जयप्रकाश नगरातून जीव घेऊन पळालेल्या माणसाजवळ तसा कागद असण्याचा संभव किती, हे कोणीही सांगेल. पण असा नियम पाळणारे दहा डॉक्टर दहाही वेळा एकच उत्तर देतील, आणि माझा गुणांक एकाला जाऊन भिडेल. सहमती ही सत्याची अट आहे, सत्याची हमी नव्हे. पुढे दावा न्यायालयांनी पाच लाखांहून अधिक दाव्यांत भरपाई मंजूर केली. त्या आकड्याशेजारी 'इजा नाही' या रकान्यातील दीड लाखांहून अधिक माणसे ठेवून पाहिली, म्हणजे वर्गीकरणाचा नियम आणि न्यायाचा नियम एकच नव्हता एवढे तरी स्पष्ट दिसते.

अलीकडे या वाचनात यंत्र आले आहे. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने क्षयाच्या प्राथमिक चाळणीसाठी, पंधरा वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींच्या बाबतीत, मानवी वाचकाच्या जागी संगणकाचे वाचन चालेल अशी शिफारस केली, आणि जेथे क्ष-किरणतज्ज्ञ पोहोचतच नाही अशा गावांसाठी हे मोठे वरदान आहे यात मला शंका नाही. तेच चित्र पुन्हा दाखवले तर यंत्र तेच उत्तर देते. येरुशाल्मींच्या वाचकांना जे साधले नाही ते त्याला अनायासे साधते. तरुण सहकारी असे अहवाल घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा यंत्राच्या अचूकतेचे पान मी नंतर उघडते. ज्या चित्रांवर त्याला शिकवले ती किती वाचकांनी वाचली होती, परस्परांना न विचारता वाचली होती काय, आणि ज्यांवर त्यांचे पटले नाही त्या चित्रांचे पुढे काय झाले, हे मी आधी विचारते. पुष्कळदा उत्तर येते की वादाची चित्रे वगळली. मग मी ती वगळलेली चित्रे मागवते आणि हिशेब त्यांच्यासह पुन्हा मांडायला सांगते, कारण आठव्या बरगडीशी थांबलेली छाती त्याच गठ्ठ्यात असते.