काजव्यांच्या दिवसात बाईक बरी का कार?



मे संपत आला की आमच्या भंडारदऱ्याला काजवे बघायला गर्दी होते. मागच्या साली रस्त्याकडचं एक खाचर मी पार्किंगला दिलं. भात निघाल्यावर ते मोकळंच असतं, म्हणलं बियाण्या-खताचा खर्च तरी सुटंल. सुटला पण. रात्री मोजत बसलो, कार किती अन् बाईक किती. तिथनं पोराशी वाद सुरू झाला, जास्त नुकसान कोण करतं?

पोरगं म्हणालं, कार. हिशोब केला. मुंबईहून इथं साधारण १८० किलोमीटर. बाईक लिटरला ६० देती, म्हणजे ३ लिटर. कार १५ देती, म्हणजे १२ लिटर. एक लिटर पेट्रोल जळलं की सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे बाईक ७ किलो, कार २७-२८. पण कारमध्ये चौघं असले तर माणशी ३ लिटरच झालं, एकट्या बाईकवाल्याएवढंच! बाईकवर दोघं असतील तर मात्र बाईकच बरी. अन् धूर म्हणजे नुसता कार्बन नव्हं. माझी जुनी टू-स्ट्रोक गाडी होती, तिच्यात पेट्रोलबरोबर ऑइल पण जळायचं. मागं निळा धूर. २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, त्यांचा धूर बराच कमी.

आता काजव्याचं. काजवा उजेडानंच जोडीदाराला खुणावतो. बाहेरचा उजेड पडला की ती खूण दिसत नाही. कारवाल्याला लाईट बंद करा म्हणलं तर करतो. बाईकचं तसं नाही. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या बाईकचा हेडलाईट इंजिन चालू असेपर्यंत बंदच होत नाही. म्हणजे ह्या बाबतीत बाईकच वाईट.

पण खरं नुकसान मला नांगरताना कळलं. कारच्या चाकोऱ्यांत फाळ वर उचलत होता, माती दाबून विटेसारखी झालेली. त्या पट्ट्यात आवणी केली ती खुजी, पिवळी राहिली. मुळं खाली गेलीच नाहीत. अन् काजव्याची अळी तर मातीतच वाढती, गोगलगायी खाती. म्हणजे ती आपलीच मित्रकीड. जिला बघायला माणसं येतात, तिच्याच घरावर मी गाड्या उभ्या केल्या.

यंदा खाचर दिलं नाही. मुरमाड माळावर जागा केली, झाडांपासून लांब. बाईक असो का कार, तिथंच बंद करायची अन् पुढं पायी. गाड्या निम्म्याच बसतात, पैसे पण निम्मे. घरात बोलणी खाल्ली. पण हिरड्या-बेहड्यावर काजवे लागले तर पुढच्या साली माणसं येतील, नाहीतर कशाला येतील?

कुणी दाबलेली जमीन मोकळी केली असेल तर सांगा. शेणखत अन् ताग धरलाय मनात, आणखी काय करावं?