मोत्या समुद्रावर जातो

पुण्यात साखळीला बांधलेल्या मोत्याला आंजर्ल्याच्या पुळणीवर मोकळे सोडायचे, असा माझा बेत होता. शनिवारी पहाटे सोडलाही. दक्षिणेला सुवर्णदुर्ग धुक्यात तरंगत होता. स्वारी लाटांवर भुंकली, खेकड्यांमागे धावली आणि एकाएकी वाळू उकरू लागली.

“अहो, धरा त्याला! कासवाची अंडी आहेत तिथं!” एक गावकरी ओरडत आला.

ऑलिव्ह रिडले कासवाची मादी हिवाळ्यात इथे शंभरेक अंडी पुरून समुद्रात परतते. कुत्र्या-कोल्ह्यांपासून जपण्यासाठी गावची मंडळी ती कुंपणात हलवतात. मी ओशाळून मोत्याला साखळी लावली.

रविवारी तो निमूट शेजारी चालला. दोन दिवसांच्या पाहुण्याने किनारा आपला समजू नये, एवढे आम्ही दोघेही शिकलो होतो.