परत आलेले पत्र

पत्र पाठवणे ही एक गोष्ट आणि पत्र पोहोचणे ही अगदी निराळी गोष्ट. या दोहोंमध्ये केवढे अंतर आहे हे एरवी आपल्या ध्यानात येत नाही. पत्र परत आले म्हणजे येते. टपालाच्या जमान्यात परत आलेल्या पाकिटावर पोस्टमनचा शेरा असे. ‘पत्ता अपुरा’, ‘घर बंद’, ‘गाव सोडून गेले’ आणि ‘घेण्यास नकार’. पहिल्या तीन शेऱ्यांत कोणाचा फारसा दोष नसे. चौथ्यात मात्र एखाद्या कादंबरीचा ऐवज असे.

आता कचेऱ्यांतली बहुतेक पत्रे ई-मेलने जातात आणि ई-मेलही परत येतात. त्यांच्यावरही शेरा असतो. पण तो वाचतो कोण? पाठवणाऱ्याच्या जागी ‘मेलर-डीमन’ असे भीतिदायक नाव, खाली आकडे, ठिपके आणि रूक्ष इंग्रजी. आमच्या कॉलेजच्या कचेरीत असे पत्र दिसले की ते पुसून टाकण्याची रीत होती. अंगणात आलेल्या अनोळखी कुत्र्याला हाड म्हणावे, तितक्याच सहजपणे.

वास्तविक हा डीमन म्हणजे राक्षस नव्हे. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या एम. आय. टी. या संस्थेत, पडद्याआड मुकाट्याने काम करणाऱ्या संगणकाच्या कार्यक्रमांना गमतीने हे नाव पडले. मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने कल्पिलेला, एकेक रेणू निवडून दारातून आत-बाहेर सोडणारा चिमुकला डीमन त्यामागे होता. आपल्या भाषेत सांगायचे तर तो कोकणातला राखणदार. दिसत नाही, पण वाटेवर असतो.

या राखणदारांची आपसांतली बोलीही मोठी गमतीची आहे. एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिले पत्र रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये धाडले. पण त्या देवघेवीचा आजवर चालत आलेला शिष्टाचार ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिला गेला. लिहिणाऱ्याचे नाव जॉन पोस्टेल. टपालाचे नियम लिहिणाऱ्याच्या आडनावातच पोस्ट असावे, हा योगायोग कोणा विनोदी लेखकालाही सुचला नसता. आज्ञा चार अक्षरी असाव्यात म्हणून पोस्टेल यांनी ‘हॅलो’मधला एक ‘एल’ गाळला. तेव्हापासून पत्र घेऊन आलेला संगणक दाराशी ते तोकडे ‘हेलो’ म्हणतो, मग पत्र कोणाकडून आणि कोणासाठी ते सांगतो. पुढे हा शिष्टाचार थोडा वाढला. पण समोरचा अजूनही आकड्यांतच उत्तर देतो. २५० म्हणजे ‘ठीक, स्वीकारले’. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे ‘आत्ता नको, थोड्या वेळाने या’. पाचने सुरू होणारा म्हणजे ‘पुन्हा येऊ नका’. चारचा आकडा मिळालेला बिचारा अर्ध्या-अर्ध्या तासाने पुन्हा दार ठोठावतो आणि चार-पाच दिवसांनी नाद सोडतो. उसने पैसे मागायला जाणाऱ्या माणसाच्याही अंगी इतकी चिकाटी नसते.

हे सगळे मला कळले ते आमच्या एका विद्यार्थिनीमुळे. मुलगी एम. ए.च्या पहिल्या वर्षाला. वडील रिक्षा चालवतात. तिला एक शिष्यवृत्ती मिळण्याजोगी होती. अट एवढीच, की ती आमच्याकडे शिकते असा दाखला कॉलेजच्या ई-मेलवरून शुक्रवार संध्याकाळपर्यंत पोहोचावा. सोमवारी कचेरीतल्या बाईंनी तो पाठवला. मिनिटाभरात परत आला. पत्ता चुकला असेल म्हणून त्यांनी एकेक अक्षर तपासून पुन्हा पाठवला, पुन्हा परत. बुधवारी ती मुलगी स्टाफरूमच्या दाराशी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “सर, ते म्हणतात पत्र आलंच नाही. कचेरीत म्हणतात आम्ही तर पाठवलं. आता मी कोणाला विचारू?”

मी तिला घेऊन कचेरीत गेलो. बाई वैतागल्या होत्या. “सर, तुम्ही भाषेचे. तुम्हीच बघा काय लिहिलंय ते. मला तर ओ की ठो कळत नाही.”

मी संगणकाचा जाणकार नव्हे. परंतु जुन्या पोथ्यांचे पाठ लावण्यात माझी काही वर्षे गेली आहेत. ज्या मजकुराला सगळे कंटाळतात तो ओळीओळीने वाचायचा, एवढे एक शास्त्र मला येते. मजकुरात ५५० हा आकडा होता आणि त्यापुढे ५.७.१. संगणक प्रयोगशाळेतल्या तरुण साहाय्यकाला बोलावले. तो म्हणाला, “सर, पत्ता चुकला असता तर ५.१.१ आलं असतं. पेटी भरली असती तर ५.२.२. पाच-सात-एक म्हणजे त्यांनी आपल्यालाच दाराबाहेर ठेवलंय.”

म्हणजे शेरा चौथा होता : घेण्यास नकार. खालच्या ओळीत कारणही सरळ दिले होते. आमच्या सर्व्हरचा क्रमांक कचरा-पत्रे पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत गेला होता! शंभर वर्षांचे नसले तरी बरेच जुने असे आमचे कॉलेज. त्याच्यावर हा आळ!

साहाय्यकाने सर्व्हर उघडला आणि कपाळाला हात लावला. पाठवायच्या रांगेत हजारो पत्रे ताटकळत होती; कुठल्याशा औषधांच्या आणि झटपट कर्जाच्या जाहिराती. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या एका कर्मचाऱ्याचे खाते तसेच उघडे राहिले होते आणि त्याचा पासवर्ड कोणालाही ओळखता येईल असा होता. माणूस निवृत्त झाला, पण त्याची किल्ली निवृत्त झाली नव्हती. ती कोणा चोराच्या हाती लागली आणि तो कॉलेजच्या नावाने जगभर पत्रे धाडीत सुटला. त्यांतली कित्येक पंधरा दिवसांपासून कचेरीत परत येत होती. राखणदार रोज ओरडून सांगत होता आणि आम्ही रोज त्याला पुसून टाकीत होतो.

खाते बंद केले, सगळे पासवर्ड बदलले, रांग रिकामी केली आणि काळी यादी ठेवणाऱ्यांकडे नाव काढण्याचा अर्ज केला. दरम्यान मी शिष्यवृत्तीच्या कचेरीत फोन करून अडचण सांगितली आणि दाखल्याची प्रत स्पीड पोस्टाने रवाना केली. जुन्या मित्राला अशा वेळी हाक मारावीच. शुक्रवारी दुपारी बाईंनी पुन्हा ई-मेल धाडला. साहाय्यकाने सर्व्हरची नोंदवही उघडून एका ओळीवर बोट ठेवले. त्या ओळीत २५० होते. मुलीला मी त्या आकड्याचा अर्थ सांगितला. ती काही बोलली नाही. तिने मोबाइलवर त्या ओळीचा फोटो काढला आणि वडिलांना दाखवते म्हणाली.

या २५० विषयी मला विशेष आदर वाटतो. त्याचा अर्थ नुसते ‘मिळाले’ असा नाही. पोस्टेल यांच्या नियमांची सुधारलेली आवृत्ती २००८ मध्ये निघाली. तिच्यात बजावले आहे की, एकदा पत्र स्वीकारले की त्याची जबाबदारी स्वीकारणाऱ्याची. त्याने ते पोहोचवावे किंवा पोहोचले नाही असे कळवावे. क्षुल्लक कारणाने हरवू नये. आणखी एक शहाणपण या नियमांत आहे. परतीच्या पत्रावर पाठवणाऱ्याचा पत्ता कोरा ठेवायचा. म्हणजे तेही परत आले तर त्याचे परतीचे पत्र निघत नाही. नाही तर दोन सर्व्हर, मानपानावरून अडलेल्या विहिणींसारखे, जन्मभर एकमेकांना उत्तरे देत बसले असते.

माणसांच्या कचेऱ्यांत मात्र निराळा नियम चालतो. तिथे अर्ज दिला की ‘बघतो’ म्हणतात. हा ‘बघतो’ चारचा की पाचचा, हे वर्षानुवर्षे कळत नाही. २५० तर कोणी म्हणतच नाही. कारण ते म्हटले की जबाबदारी आली. ‘होणार नाही’ असे स्पष्ट सांगणारा माणूस आपल्याला उद्धट वाटतो; पण निदान त्याच्यामुळे दुसरे दार ठोठावायला वेळ उरतो. त्या मुलीला दोन दिवस उरले, ते त्या रूक्ष नकाराने आपले कारण लिहून ठेवले होते म्हणून.

आता आमच्या कचेरीत परत आलेले पत्र पुसण्याआधी वाचायचे, असे ठरले आहे. बाई मोठ्याने आकडा वाचतात आणि अर्थही स्वतःच सांगतात. मला बोलवायची गरज पडत नाही. परवा मीच त्यांच्याकडे रजेचा अर्ज घेऊन गेलो, तर त्यांनी तो हातात घेतला, वर पाहिले आणि गंभीरपणे म्हणाल्या, “दोनशे पन्नास, सर.”