उसवलेली वाकळ

"हे असलं डिझाईन तुम्हाला सुचतं कसं हो, आजी?"

परभणीला बचत गटांच्या प्रदर्शनात एका बाईनं माझ्या मायला विचारलं. बाई मोठ्या शहरातली. हातात मायनं शिवलेली वाकळ. तांबडे, निळे, हिरवे, चौकोनी, तिकोनी, कसेही कापलेले तुकडे. एकाला एक जुळत नाही.

माय म्हणली, "सुचत काय न्हाई, बाई. चिंधी हाती येती. तिला जागा धुंडायची. बस."

बाई हसली. तिला वाटलं, म्हातारी चेष्टा करायली. पण माय खरं तेच बोलली होती.

दोस्तहो, तुमच्यातले बरेच जण आता रगात झोपता, म्हणून वाकळीचं सांगतो. उलंगवाडी झाली, हाताला काम उरलं नाही, की बाया वाकळा काढतात. खाली जुनेर अंथरायचं. चार कोपऱ्यांना चार धोंडे. त्यावर धोतराचे, लुगड्याचे, सदऱ्याचे तुकडे, थरावर थर. मग चार बाया चार बाजूंनी बसतात. टाका कडेनं सुरू होतो आणि आत आत येत मधोमध संपतो. लुगडं मधून आधी विरतं, काठ मागं राहतो, म्हणून काठ वाकळीच्या कडेला लावायचा. दोऱ्याला पैसे नसले तर त्याच काठातले धागे ओढून मांडीवर वळायचे.

आपला परभणी जिल्हा कापसाचा. सेलू-मानवतच्या बाजारात कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागायच्या. तो कापूस वेचणारे हात आमच्या मायबहिणींचे. पण आमच्या वाकळीत कापूस कधीच नव्हता. कापूस दुसऱ्यांच्या गादीत गेला. आमच्या अंगावर चिंधीवर चिंधी.

मी 1983 साली शिकायला शहरात गेलो. वसतिगृहात पोरांकडं सोलापुरी चादरी, कुणाकडं कांबळ. मी वाकळ नेली होती. पहिल्या रात्री एक पोरगा नाक दाबून म्हणला, "याच्या पांघरुणाला मढ्याचा वास येतो." सगळे हसले. मीही हसलो. तेच अजून डाचतं. नंतर मी वाकळ पत्र्याच्या पेटीत दडवली. पोरं झोपली की काढायचो, ती उठायच्या आत घडी घालायचो.

दिवाळीत घरी आलो आणि मायपुढं वाकळ आपटली. म्हणलो, "मला नको ही. लाज वाटती." पोरगा काय बोलला तेही सांगितलं. मला वाटलं माय चिडंल. ती खाली बसली. म्हणली, "त्यो खोटं न्हाई बोलला. पर लई उशिरा बोलला."

मग तिनं आजीची गोष्ट सांगितली.

मायचा बाप येसकर. गावात मढं गेलं की त्याच्यावरचं कापड त्याच्या वाट्याला यायचं. त्याला 'हक्क' म्हणायचे! चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रं ल्यावीत, असं मनुस्मृतीच्या 10 व्या अध्यायात लिहिलंय. आमच्या आज्याला वाचता येत नव्हतं. पण तो शब्द न् शब्द त्याच्या घरी अंथरलेला होता. आजीनं ती कापडं धुतली, वाळवली आणि वाकळीत घातली. पाच लेकरं त्याखाली वाढली. त्यात माझी मायही.

14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली. आजीला जाणं झालं नाही. पुढच्या वर्षी आमच्या वस्तीनं धम्म घेतला. माय तेव्हा दहा-एक वर्षांची. तिला आठवतं ते एवढंच, की दुसऱ्या दिवशी आजीनं वाकळ उन्हात टाकली, विळा घेतला आणि टाके तोडायला बसली. बाया म्हणल्या, "येडी झालीस का? हिवाळा तोंडावर आलाय." आजीनं मान वर केली नाही. मढ्यावरचा एकेक तुकडा हुडकून काढला. नुसता वरचा नाही, आतल्या थरातलाही. ढीग केला आणि वस्तीबाहेर नेऊन पेटवला.

25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली, हे आजीला कुणी सांगितलं नव्हतं.

मागं उरली अर्धी वाकळ. त्या हिवाळ्यात पाच लेकरं त्या अर्ध्या वाकळीत झोपली. आजा रात्रभर चुलीपाशी बसायचा. माय म्हणली, "लई थंडी व्हती. म्या रडले. तवा माय म्हनली, थंडीनं माणूस मरत न्हाई पोरी, त्या कापडानं आपून रोज मरत व्हतो."

मी गप झालो. ती वाकळ पुन्हा घडी घालून पेटीत ठेवली. वसतिगृहात गेल्यावर उघड्यावर अंथरली.

त्या अर्ध्या वाकळीला पुढं एकेक तुकडा जोडत गेला. अट एकच, कापड कमाईचं पाहिजे. 1972 च्या दुष्काळात मायनं खडी फोडली. तेव्हाच्या लुगड्याचा तुकडा मधोमध आहे. शिंप्याकडच्या कातरणी दाम देऊन घेतलेल्या. माझ्या शिष्यवृत्तीच्या पहिल्या पँटचा गुडघा एका कोपऱ्यात. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला, त्या दिवशी बापानं घातलेला सदरा विरल्यावर तोही तिथंच गेला.

एका कोपऱ्याला भोक आहे. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. आमचीही पेटली. माय धाकट्या बहिणीला काखेत घेऊन, वाकळ खांद्यावर टाकून रानात पळाली. तो कोपरा जळालेला. सगळ्या वाकळीला ठिगळं लावणाऱ्या मायनं त्या भोकाला ठिगळ लावलं नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणती, "तिथून वारं लागलं की ध्यानात येतं."

गंगाखेडची जनाबाई आपल्याच जिल्ह्यातली. कथा अशी सांगतात, की विठ्ठल तिच्या खोपटातून निघाला तो घाईत तिची वाकळ पांघरून, आणि त्याचं पदक तिथंच राहिलं. देवाला वाकळ चालली. पण पदक सापडल्याबरोबर चोर कोण? जनी. तिला सुळाकडं नेलं. मला या कथेतला चमत्कार नको. आळ कुणावर येतो तेवढं पुरे.

अमेरिकेत 1880 च्या दशकात सुखवस्तू बायांना वेड्यावाकड्या तुकड्यांच्या गोधड्यांचा नाद लागला होता. रेशीम, मखमल मुद्दाम वेडंवाकडं कापायच्या. त्याच काळात जॉर्जियात हॅरिएट पॉवर्स नावाची बाई होती. गुलामीत जन्मलेली. तिची गोधडी 1886 साली कापसाच्या जत्रेत मांडली होती. एका गोऱ्या बाईनं मागितली, हिनं दिली नाही. पुढं हलाखी आली. 1891 साली दहा डॉलर मागितले, पाच मिळाले. नंतर ती आपली गोधडी बघायला त्या बाईच्या घरी जायची. आज ती वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. 1972 साली आपण पँथर हे नाव ज्यांच्याकडून घेतलं, त्या माणसांची ही आजी.

एका तरुण कार्यकर्त्यानं मला विचारलं, "बाबासाहेबांनी महाडला बायांना जातीच्या खुणा टाकायला सांगितल्या. मग वाकळीचं कौतुक कशाला?" प्रश्न बरोबर आहे. गरिबीचं कौतुक मी करत नाही. लेकराला चांगलं पांघरूण मिळालंच पाहिजे. पण आजीनं काय टाकलं ते बघा. लादलेलं कापड टाकलं. सुई नाही टाकली.

प्रदर्शनात त्या बाईनं भाव पाडून मागितला. मायनं एक रुपया कमी केला नाही. नवी वाकळ विकली, पैसे मोजून घेतले. जुनी तिनं मांडलीच नव्हती.

10 डिसेंबर 2024 ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. 15 डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना गेला. लोक थंडीत धरण्यावर बसले. मायला बसवत नव्हतं. तिनं जुनी वाकळ माझ्या हाती दिली. म्हणली, "कुनालाबी दे. कोन हाय इचारू नको."

वाकळ परत आली तेव्हा धुळीनं भरली होती आणि एक टाका निघाला होता. मायनं चष्मा लावला आणि सुई मागितली. दोरा मी ओवून दिला.

तुमच्या घरी म्हातारी असंल, तर एकदा वाकळ उलगडून तिच्यापुढं बसा. कोणता तुकडा कुठला, ते विचारा. लिहून घ्या.