टामीचा आवाज

आमचं घर उमरेड रोडला, मोठ्या ताजबागेजवळ. अब्बा ट्रक चालवायचे. फजरची नमाज झाली की गाडीभोवती एक फेरी मारायचे आणि लोखंडी टामीनं एकेका टायरला ठोका द्यायचे. टणक आवाज आला तर हवा बरोबर, ‘भद्द’ आला तर कमी. दहाचाकी गाडीचे दहा ठोके आम्ही भावंडं अंथरुणातूनच मोजायचो.

टायरचं शास्त्र आम्ही अब्बांकडूनच शिकलो. पुढे सरळ रेघांचं ‘रिब’ टायर, कारण वळण त्याच्या हाती. मागे जाड ठोकळ्यांचं ‘लग’, कारण ओढ त्याची. उमरेडच्या कोळसा खाणीच्या चिखलातून लगच गाडी बाहेर काढतं. पण पावसाळ्यात चाक काळ्या मातीत उतरलं, की खाचा भरतात आणि नवं टायरही टकलं होतं. शिवनीकडे जाताना कुरई घाटाच्या उतारावर ब्रेक तापतात, त्यांची धग टायरला लागते. आणि आपल्या नागपूरचा मे महिना तर विचारूच नका! काही ड्रायव्हर भर दुपारी गरम टायरची हवा सोडतात. अब्बांना ते पटत नसे. हवा कमी झाली की टायर जास्त दबतं आणि जास्तच तापतं. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असतानाच मोजायची.

त्यांचा आणखी एक कायदा होता. घासलेल्या टायरवर नवं रबर चढवलेलं रिमोल्ड मागेच लावायचं, पुढे कधीच नाही. मागचं फुटलं तर जोडीचं टायर सांभाळून घेतं. पुढचं फुटलं तर स्टिअरिंग हातातून जातं.

2012 मध्ये आम्हाला बी.एड.ला प्रवेश मिळाला. फी अब्बांनी एकरकमी भरली. पैसे कुठून आले, हे आम्ही विचारलं नाही.

2013 च्या मे महिन्यात नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला. त्याच दिवसांत अब्बा एका रात्री उशिरा घरी आले. शर्टाला माती, हाताला पट्टी. “पंक्चर हुआ था,” एवढंच म्हणाले आणि जेवायला बसले. खरी गोष्ट क्लीनरनं नंतर सांगितली. हिंगणघाटच्या अलीकडे पुढचं टायर फुटलं. गाडी रस्ता सोडून शेतात शिरली आणि नांगरलेल्या मातीत रुतून थांबली. पुढे रिमोल्ड होतं. नव्या जोडीचे पैसे आमच्या फीत गेले होते.

शिक्षणसेवक म्हणून लागल्यावर मानधनातून पैसे साठवून आम्ही अब्बांना पुढच्या टायरची नवी जोडी घेऊन दिली. त्याला वर्ष लागलं. अब्बांनी टामीनं दोन्ही टायर वाजवून पाहिले. बोलले काहीच नाहीत.

आता गाडी धाकटा भाऊ चालवतो. समृद्धी महामार्गानं जातो. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. सिमेंटचा सरळ रस्ता, पण तासन्‌तास न थांबता पळणारं टायर तिथंही तापतंच. आम्ही फोनवर आधी हवेचं विचारतो, मग जेवणाचं.

आमच्या वर्गात बरीच मुलं ड्रायव्हरांची. सायन्समध्ये ‘रगड’ शिकवताना, म्हणजे मराठीत घर्षण, आम्ही विचारलं, “रगड नसती तर काय झालं असतं?” मागच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला.

“अब्बा घर नहीं आते.”

आम्ही त्याला पूर्ण मार्क दिले.