भाकरी परत आली, आता पावलंही वळू द्या

जालना हा ज्वारीचा मुलूख. आमच्या दादीच्या काळात भाकरी रोजची आणि गव्हाची पोळी पाहुण्यांसाठी. पुढे रेशनवर स्वस्त गहू-तांदूळ आले आणि भाकरी गरिबीची खूण ठरली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष जाहीर केलं, तेव्हा तीच ज्वारी ‘आरोग्यदायी’ म्हणून शहरांत महाग विकली जाऊ लागली!

त्याच वर्षी आयसीएमआरच्या पाहणीतून देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं समोर आलं. आमच्या मोहल्ल्यात ‘शुगर’ची गोळी हा आता रोजच्या बोलण्यातला विषय आहे.

घरात आम्ही रात्री भाकरी सुरू केली. चहाबरोबरची खारी बंद केली. मुलं कुरकुरली, मग रुळली. खाणं बदलणं त्या मानाने सोपं गेलं. अवघड होतं ते बाईचं चालायला बाहेर पडणं.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम करा म्हणते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. पुरुष फजरनंतर मोती तलावाकडे फिरून येतात. बायकांना मात्र ऐकावं लागतं, “दिवसभर घरात राबता, आणखी कसला व्यायाम?” पण राबणं थकवतं, दम वाढवायला सलग, भरभर चालावं लागतं.

आता आम्ही चौघी शेजारणी बुरखा घालून, पायात बूट चढवून रोज निघतो. सुरुवातीला लोक वळून बघत. आता विचारतात, “बाजी, उद्या आमच्या अम्मीला न्याल का?”

भावांनो, अर्धा तास घर सांभाळा. तिला चालू द्या.