जोड कानाने लागतो

रेव्ह पार्ट्यांच्या आठवणी निघाल्या की नशेच्या गोळ्या, पोलीस आणि पेपरातले मथळे यांवरच बोलणं होतं. ते सगळं होतंच. पण माझं तारुण्य गेलं ते दोन तबकड्या जोडायला शिकण्यात, नाचणाऱ्याचा पाय कुठे अडखळू नये अशा जोडायला.

१९८९च्या उन्हाळ्यात लंडनभोवतीच्या एम-२५ रस्त्यावर शनिवारी रात्री गाड्यांच्या रांगा लागत. पार्टी कुठे, ते आधी कळत नसे. फोनवर रेकॉर्ड केलेला निरोप ऐकायचा, सांगितलेल्या ठिकाणापर्यंत जायचं, तिथून पुन्हा फोन करायचा. त्या जूनमध्ये व्हाइट वॉल्थमच्या धावपट्टीवर ‘सनराइझ’च्या पार्टीला अकराएक हजार माणसं लोटली. अशा गर्दीत हॅरोचा मराठी मुलगाही सहज सामावून जायचा. माझी नजर मात्र डीजेच्या हातांवर असायची.

टेक्निक्सच्या एसएल-१२०० टर्नटेबलची चकती पट्ट्याविना, थेट मोटरवर फिरते. बाजूच्या पट्टीने वेग आठ टक्क्यांपर्यंत कमीजास्त होतो. मिनिटाला १२५ ठोक्यांचं गाणं १३५पर्यंत नेता येतं. एका कानावर हेडफोन, त्यात येणारं गाणं. दुसरा कान मोकळा, त्यात वाजणारं. वेग जुळला तरी दोन्ही गाण्यांच्या किक, म्हणजे ढोलाचे ठोके, एकाच क्षणी पडल्या पाहिजेत. केसभर फरक पडला की ठोका लंगडतो. मग चकतीच्या कडेला बोट टेकवून तिला जरा अडवायचं, नाहीतर मधली खुंटी चिमटीत धरून पुढे रेटायचं. आणि एवढं करूनही खरी कसोटी उरतेच, ती समेची. हाऊस संगीत बहुधा ३२ ठोक्यांच्या आवर्तनात बांधलेलं असतं. नवी तबकडी आवर्तनाच्या तोंडावर सोडली नाही, तर ठोके जुळूनही जोड खुपतो. घरी तबला कानावर पडत असल्याने मला हे लवकर उमगलं असावं.

मे १९९२मध्ये कॅसलमॉर्टनच्या माळावर वीस हजारांहून जास्त लोक जमले, दिवसरात्र नाचले आणि सरकारचा संयम सुटला. १९९४च्या कायद्याने असे मेळे पांगवण्याचा अधिकार पोलिसांना दिला. त्यात आमच्या संगीताची ओळख करून दिली होती ती एकामागून एक, पुन्हा पुन्हा पडणारे ठोके अशी. मला अजून त्याचा राग येतो. ठोका तोच राहतो म्हणूनच टीबी-३०३ या बास सिंथेसायझरचा फिल्टर किंचित उघडला तरी हजारोंना एकदम कळतं. ऑटेकर या जोडीने त्याच वर्षी ‘फ्लटर’ केलं आणि त्यात कोणतेही दोन बार सारखे ठेवले नाहीत. चोख उत्तर होतं ते.

पुढे गोव्यात हणजूणला गेलो. तिथल्या उकाड्यात आणि धुळीत तबकड्यांचा निभाव लागत नसे, म्हणून डीजे डॅट या डिजिटल टेपवर वाजवत. त्या यंत्रांवर वेग बदलायची सोय नसायची. त्यामुळे गोवा ट्रान्सची गाणी बहुधा ठोक्याविना उगवत, ठोक्याविना विरत, आणि जोड त्या मोकळ्या जागेत लागे. हत्यारामुळे गाण्याची घडण कशी बदलते, ते मी तिथे ऐकलं.

आता सिंकचं बटण दाबलं की ठोके आपोआप जुळतात. कामाच्या रात्री खुशाल वापरा. पण शिकत असाल, तर स्क्रीनवर कागद चिकटवा आणि दोन गाणी कानाने जुळेपर्यंत तो काढू नका.